एक-पॉइंट-शून्याला इतकं कशाला भ्यायचं?

बारामतीजवळच्या काटेवाडीच्या शिवारात उभ्या उसाचा वाण विचारला, तर उत्तर आकड्यात येतं. ‘८६०३२’, नाहीतर ‘२६५’. पहिल्याला ‘नीरा’ असं छान नाव मिळालेलं आहे, दुसरा कागदोपत्री ‘फुले २६५’ आहे. पण बांधावर नावाची गरज कुणाला पडत नाही. आकडा ऐकला की ऊस साधारण कधी तुटायला येईल, खोडवा कसा फुटेल, उताऱ्याला कसा पडेल, क्षारपड रानात लावावा की नाही, हे ऐकणाऱ्याला उमगतं. त्या आकड्यामागे लावणाऱ्याला दिलेला शब्द असतो, आणि तो शब्द कित्येक हंगामांत तपासून झालेला असतो.

सॉफ्टवेअरलाही असेच आकडे असतात. मोबाइलवर रोज कसलं ना कसलं ‘अपडेट’ येतं, त्यासोबत तीन-चार ठिपक्यांनी तोडलेला एक लांबलचक आकडा येतो, आणि तो न वाचता माणूस होकाराचं बटण दाबतो. बँकेच्या किंवा रेल्वेच्या ॲपमध्ये त्याने फारसं बिघडत नाही, कारण कंपनी ठरवेल तेच व्हर्जन चालणार असतं. मुक्त सोर्सच्या खेळांचं मात्र तसं नाही. या खेळांचा कोड सर्वांसाठी खुला असतो; कुणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. मालक नसतो, जाहिरात नसते, बहुतेक कामकरी बिनपगारी असतात. अशा ठिकाणी खेळणाऱ्याशी बोलण्याची हक्काची जागा एकच उरते, ती म्हणजे व्हर्जनचा आकडा आणि त्यासोबतची चार ओळींची घोषणा. आणि नेमकी तीच जागा अनेक प्रकल्प वाया घालवतात.

‘झिरो ए.डी.’ या खेळाचं उदाहरण घ्यावं. प्राचीन काळातली साम्राज्यं, शेती, तटबंदी, लढाया असा हा खेळ. त्यात रोमन आहेत, स्पार्टावाले आहेत, कार्थेज आहे आणि चंद्रगुप्त-अशोकांसह मौर्यही आहेत. २००१ मध्ये कल्पना निघाली, २००९ मध्ये कोड खुला झाला, २०१० मध्ये पहिलं खुलं प्रकाशन आलं. त्याला ‘अल्फा १’ म्हटलं गेलं. ‘अल्फा’ म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या बोलीत अगदी कच्चं, अर्धवट, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा असं. पुढे प्रत्येक अल्फाला वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराचं नाव देण्याची प्रथा पडली. ए म्हणजे ‘आर्गोनॉट’, आणि असं करत करत सप्टेंबर २०२२ मध्ये झेड म्हणजे ‘झुआंगझी’. इंग्रजी मुळाक्षरं संपली, पण अल्फा काही संपेना. जानेवारी २०२५ मध्ये सत्ताविसावं प्रकाशन आलं तेव्हा गाडी पुन्हा ए वर आली. नाव ठेवलं ‘अग्नी’. तेही अल्फाच.

या खेळाच्या नावातलं वर्ष इतिहासात कधी नव्हतंच, इसवी सनपूर्व एकनंतर थेट इसवी सन एक येतं. त्यामुळे शून्यातच रमणं त्याला शोभून दिसतं, असं कुणी गमतीने म्हणेल. पण खेळ उघडून पाहिला तर त्यात अर्धवट असं फारसं सापडत नाही. एकेका संस्कृतीची घरं, हत्ती, गलबतं, पार्श्वसंगीत, नेटवर्कवरून मित्राशी खेळण्याची सोय, सगळं जागच्या जागी. मग चौदा-पंधरा वर्षं ‘कच्चं’ अशी पाटी लावून कुणाचं भलं झालं? शाळेच्या संगणक खोलीत खेळ बसवायचा की नाही हे ठरवणारे शिक्षक पाटी वाचतात आणि पुढे जातात. बातमी लिहिणारा पत्रकार ‘पूर्ण झाल्यावर बघू’ म्हणतो. विनय म्हणून लावलेली पाटी खेळणाऱ्याला दारातून परत पाठवते.

याला भीती म्हणावं, दुसरं काही नाही. ‘१.०’ हा आकडा लावला की लोक दोष काढणार, तुलना करणार, ‘एवढ्या वर्षांत हेच केलं का’ म्हणून विचारणार. ०.९ वर राहिलं की प्रत्येक चुकीला सबब तयार. ही सबब खुल्या सॉफ्टवेअरच्या जगात इतकी रुळली आहे की शून्याने सुरू होणारे आकडे हा तिथला एक स्वभावच झाला.

त्यातून बाहेर पडलेल्यांच्या गोष्टी मात्र मजेदार आहेत. ‘सुपरटक्सकार्ट’ हा पेंग्विनच्या गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. २०१७ मध्ये त्याचं व्हर्जन ०.९.३ होतं. २०१९ च्या जानेवारीत पुढचं चाचणी प्रकाशन ०.१० म्हणून आलं, कारण ०.९ नंतर ०.१० हा त्यांचा हिशेब. त्यात इंटरनेटवरून एकमेकांशी शर्यत लावण्याची सोय होती, जिची खेळणारे वर्षानुवर्षं वाट बघत होते. एवढं मोठं काम झालं, तर आता तरी एक म्हणूया, असं ठरलं आणि एप्रिल २०१९ मध्ये तेच प्रकाशन १.० म्हणून बाहेर पडलं. इथे आकड्याला अर्थ मिळाला. एक म्हणजे ‘आता दूरच्या मित्राबरोबर खेळता येतं’. पाच वर्षांच्या पोरालाही समजावून सांगता येईल असा अर्थ.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘माइनटेस्ट’ने तर उडीच मारली. ठोकळ्यांचं जग रचण्याचा हा खेळ आता ‘लुआंटी’ नावाने चालतो. कित्येक वर्षं तो ०.४ च्या मालिकेत अडकला होता. पुढचं ०.५ यायचं, तर त्यांनी पुढचं शून्य सरळ कापून टाकलं आणि ५.० जाहीर केलं. एक, दोन, तीन, चार हे आकडे त्या खेळाच्या इतिहासात नाहीतच. हसू येतं, पण निर्णय शहाणपणाचा होता. ०.४ चा खेळाडू ५.० च्या सर्व्हरवर जाऊ शकत नव्हता, जुन्या-नव्याचा सांधा तुटला होता. एवढा मोठा खंड ०.४ वरून ०.५ अशा किरकोळ दिसणाऱ्या बदलात लपवला असता, तर अर्ध्या लोकांना आपण जोडले का जात नाही तेच कळलं नसतं.

सगळ्यात शिकण्यासारखं वागणं मात्र ‘ओपनटीटीडी’चं. आगगाड्या, बसगाड्या, विमानं चालवून वाहतूक कंपनी उभी करण्याचा हा खेळ. मूळ ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ ख्रिस सॉयर यांनी १९९४ मध्ये केला. तो विकाऊ खेळ होता, कोड बंद. २००४ मध्ये लुडविग स्ट्रिगेअस या स्वीडिश प्रोग्रामरने तो उलगडून नव्याने लिहिला आणि खुला केला. (हेच गृहस्थ पुढे स्पॉटिफायच्या उभारणीत होते, हे जाता जाता.) पण एक गोची राहिली. कोड खुला असला तरी चित्रं आणि आवाज मूळ खेळातले लागत. म्हणजे जुनी विकत घेतलेली सीडी जवळ असेल तरच खुला खेळ खेळता येणार. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून प्रत्येक इंजिन, प्रत्येक घर, प्रत्येक भोंगा नव्याने तयार केला. जेव्हा जुन्या सीडीशिवाय खेळ चालू लागला, तेव्हा १ एप्रिल २०१० रोजी १.० प्रकाशित झालं. आपल्या पायावर उभं राहिल्यावरच एक, हा त्यांचा निकष होता. त्यात भीतीचा लवलेश नव्हता.

पुढे जे केलं ते त्याहून महत्त्वाचं. दरवर्षी १ एप्रिल ही तारीख त्यांनी जवळजवळ व्रतासारखी पाळली. १.१, १.२, १.३ अशी वर्षाला एक मोठी आवृत्ती. नवीन पूल तयार झाला असेल तर तो यंदा येईल, नसेल तर पुढच्या एप्रिलला. पण पुलासाठी सगळा खेळ थांबणार नाही. खेळणाऱ्याला, भाषांतर करणाऱ्याला, सर्व्हर चालवणाऱ्याला वर्षाचं वेळापत्रक माहीत. असं दहा-अकरा वर्षं चालल्यावर लक्षात आलं की पुढचं ते ‘१.’ आता काहीच सांगत नाही. १.९ नंतर १.१० आलं तेव्हा ‘हे मागे गेलं की पुढे’ असा प्रश्न पडणारच. शेवटी १.११ नंतर २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरळ १२.० काढलं. तिथून १३, १४ असं सरळ मोजणं सुरू आहे.

दशांश चिन्हाचा हा घोळ गमतीचा वाटतो, पण त्याचा सर्वात वाईट नमुना मुलांसाठीच्याच सॉफ्टवेअरमध्ये सापडतो. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात या छोट्या गावाच्या एकशिक्षकी मराठी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला हा त्या प्रकल्पाचा पहिला प्रयोग. पहिली ते चौथीची वीस-बावीस मुलं. त्या लॅपटॉपवर ‘शुगर’ नावाची खुली प्रणाली होती, खेळत खेळत शिकण्यासाठी बनवलेली: चित्रं काढा, सूर जुळवा, कासवाला आज्ञा देऊन आकृत्या उमटवा. पुढच्या वर्षांत शुगरची प्रकाशनं ०.८२, ०.८४ अशा सम आकड्यांनी येत गेली. मग ०.९८ आलं. आणि त्यानंतर, २०१३ मध्ये, ०.१००.

प्राथमिक शाळेत दशांश अपूर्णांक शिकवताना ०.९८ मोठा की ०.१०० मोठा हा प्रश्न हमखास असतो. उत्तर सगळ्यांना माहीत आहे. शिकवण्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आपल्याच आकड्यात पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध बोलतं, तेव्हा फळ्यापुढे उभ्या शिक्षकाने कुणाची बाजू घ्यावी? प्रोग्रामर म्हणतील, ‘अहो, तो दशांश नाही, ते ठिपक्याने तोडलेले दोन वेगळे पूर्णांक आहेत.’ बरोबर आहे त्यांचं. पण आकडा वाचणार प्रोग्रामर नाही, वाचणार आहेत मुलं आणि त्यांच्या बाई.

याच वाटेवरचा ‘जीकॉम्प्री’ नुकताच शहाणा झाला. लहान मुलांसाठीचा हा फ्रेंच मूळ असलेला खेळांचा संच ब्रुनो कुदोआँ यांनी २००० मध्ये सुरू केला. मधे तो संपूर्ण नव्याने लिहावा लागला, आकडे पुन्हा शून्यातून मोजले गेले. विसाव्या वाढदिवशी, नोव्हेंबर २०२० मध्ये, एकदाचं १.० झालं. मग २, ३, ४ असे टप्पे, आणि जानेवारी २०२५ मध्ये ४ नंतर थेट २५.०. वर्ष पंचवीसचं, प्रकल्पही पंचवीस वर्षांचा. शिक्षकाला आता एवढंच बघायचं, आपल्या संगणकावरचा आकडा चालू सालाच्या किती मागे आहे.

आता प्रश्न तारखेचा. कारण आकडा कितीही चांगला असला, तरी तो लावायचा कधी हे ठरलेलं नसेल तर उपयोग नाही. ‘तयार झालं की देऊ’ हे वाक्य खुल्या प्रकल्पांत फार मानाचं समजलं जातं. ऐकायला बाणेदार वाटतं. त्याचं टोक पाहायचं असेल तर ‘नेटहॅक’कडे पाहावं. अक्षरं आणि चिन्हांतून भुयारात हिंडवणारा हा जुना, अतिशय खोल खेळ. डिसेंबर २००३ मध्ये त्याचं ३.४.३ आलं. पुढचं अधिकृत प्रकाशन आलं डिसेंबर २०१५ मध्ये. बारा वर्षं. पहिल्या प्रकाशनाच्या वेळी पहिलीत असलेलं पोर दुसऱ्याच्या वेळी बारावी होऊन गेलेलं. या मधल्या काळात चाहत्यांनी आपापल्या वाटा काढल्या, आपापल्या आवृत्त्या बनवल्या, आणि २०१४ मध्ये तर घरातला अर्धवट कोडच ३.५ या क्रमांकाने बाहेर फुटला. तेव्हा मूळ चमूने एक गोष्ट फार व्यवस्थित केली: तो क्रमांक कायमचा सोडून दिला. अधिकृत प्रकाशन आलं ते ३.६ म्हणून. ज्याच्याकडे ३.५ आहे त्याच्याकडे फुटलेला माल आहे, हे त्यामुळे कायमचं स्पष्ट राहिलं.

इथे पुन्हा उसाकडे वळायला हवं, कारण एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्याला न देण्याची शिस्त तिथे शंभर वर्षं जुनी आहे. ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथली ऊस प्रजनन संस्था १९१२ मधली. आधी सरळ क्रम होता, को ४१९, को ७४० असा. पुढे आकड्यात वर्ष आलं. ८६०३२ मधले ८६ हे १९८६ सालचे आणि ०३२ हा त्या सालातला क्रम. ‘कोएम ०२६५’ मधला ‘एम’ महाराष्ट्राचा, ०२ म्हणजे २००२ आणि ६५ हा क्रम. शेतकऱ्याने पुढचं शून्य गाळून त्याला दोनशे पासष्ट केलं, हा भाग वेगळा. एका सालात असे कितीतरी क्रमांक पडतात, त्यातले बहुतेक शेतापर्यंत पोहोचतच नाहीत. पण बाद झालेल्याचा आकडा पुन्हा कुणाला मिळत नाही.

आणि आकड्यातलं वर्ष हे वाण बाहेर येण्याचं वर्ष नव्हे, हेही ध्यानात घ्यावं. ८६०३२ महाराष्ट्रात प्रसारित व्हायला १९९६ उजाडलं. काटेवाडीपासून फार लांब नसलेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने २६५ दिला तो २००७ मध्ये. मधली वर्षं लागण, खोडवा, वेगवेगळ्या जमिनी, वेगवेगळे हंगाम यांत गेली. म्हणजे इथेही ‘तयार झालं की देऊ’च चालतं, असं कुणी म्हणेल. पण तसं नाही. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक, जिला सगळे ‘जॉइंट ॲग्रेस्को’ म्हणतात, दरवर्षी भरते. नवे वाण, नवी अवजारं, नव्या शिफारशी तिथे मांडल्या जातात, तपासल्या जातात, मंजूर होतात किंवा परत पाठवल्या जातात. एखादा वाण यंदा कमी पडला म्हणून बैठक पुढे ढकलत नाहीत. वाण पुढच्या वर्षी येतो. बैठकीची गाडी दरवर्षी सुटते, ज्याचा माल तयार तो चढतो.

खुल्या खेळांनी घ्यायचं ते एवढंच. तारीख पक्की ठेवा, यादी सैल ठेवा.

यावर हमखास येणारा आक्षेप ‘सायबरपंक २०७७’चा असतो. पोलंडच्या कंपनीने केलेला हा प्रचंड बजेटचा विकाऊ खेळ. तारखा पुढे ढकलत ढकलत अखेर १० डिसेंबर २०२० ला आला, आणि जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका अडखळत होता की आठवडाभरातच सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला. सहा महिने तो तिथे परतला नाही. ‘बघा, तारखेचा हट्ट कुठे नेतो,’ असं म्हटलं जातं. पण त्या कंपनीने तारीखही बांधून घेतली होती आणि आश्वासनांची यादीही. दोन्ही बाजूंनी आवळल्यावर मधे जे चेपतं ती गुणवत्ता. बिनपगारी प्रकल्पाला गुंतवणूकदार नसतात, दिवाळीचा विक्री हंगाम नसतो. त्याला यादी सोडून देण्याची मुभा असते. ही मुभा हीच त्याची खरी श्रीमंती, आणि ‘तयार झालं की’वाले तीच वापरत नाहीत.

तारीख चुकणारच नाही असंही नाही. उबुंटू लिनक्सने २००४ पासून आकड्यातच वर्ष आणि महिना घातले: ४.१० म्हणजे २००४ चा ऑक्टोबर. २००६ च्या एप्रिलला यायचं प्रकाशन सहा आठवडे लांबलं, तर ६.०४ चं ६.०६ झालं. उशीर आकड्यावरच कोरला गेला, लपवायला जागा नाही. असा आकडा स्वीकारायला थोडं धाडस लागतं खरं.

प्रोग्रामर मंडळींत सध्या तीन आकड्यांची एक पद्धत फार चालते. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती मांडली. पहिला आकडा वाढला तर जुन्याशी मेळ तुटला, दुसरा वाढला तर नवी सोय आली पण जुनं चालतंय, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती. एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामला हाक मारायची असते तिथे ही पद्धत उत्तम. खेळाला ती जशीच्या तशी लावली की मात्र वाद सुरू होतात, कारण खेळात ‘मेळ तुटणं’ म्हणजे काय हेच ठरलेलं नसतं. खेळणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचे तीनच अर्थ आहेत. जतन केलेला डाव उघडेल का? जुन्या व्हर्जनवाल्या मित्राशी खेळता येईल का? हौशी लोकांनी बनवलेले जादा नकाशे चालतील का? या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यावरून कळली तर बाकी पद्धत कोणतीही असो.

‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हे जमवतो. षटकोनांवर आळीपाळीने सैन्य हलवण्याचा हा खेळ डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केला, आणि दोन वर्षांत, ऑक्टोबर २००५ मध्ये, कुठलाही गाजावाजा न करता १.० म्हणून मोकळे झाले. त्यांचा नियम जुन्या लिनक्सकडून उचललेला: मधला आकडा सम असेल तर स्थिर, विषम असेल तर प्रयोगशाळा. १.१४, १.१६, १.१८ या खेळायच्या मालिका, १.१५, १.१७ या धाडसी लोकांसाठी. एका स्थिर मालिकेत जतन केलेला डाव आणि जोडीने खेळणं मोडायचं नाही, हा पाळलेला रिवाज. तक्रार एकच: २०१८ च्या मेमध्ये १.१४, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १.१६, २०२४ च्या मार्चमध्ये १.१८. आकडा बोलका, पण दिनदर्शिका मुकी. पुढचं कधी, ते बाहेरच्याला सांगता येत नाही.

मराठी वाचकाला याच्याशी काय घेणं, असं वाटू शकतं. घेणं आहे, आणि ते भाषांतरातून येतं. या खेळांत नवी भाषा घालायला कुणाची परवानगी लागत नाही. वाक्यांची यादी उघडी असते, बसून मराठी लिहायची. पण त्यासाठी एक दिवस असा यावा लागतो की आता इंग्रजी वाक्यं बदलणार नाहीत. याला ते लोक ‘स्ट्रिंग फ्रीझ’ म्हणतात. फ्रीझच्या दिवसापासून प्रकाशनापर्यंत जे तीन-चार आठवडे मिळतात त्यात छोट्या भाषा उभ्या राहतात. जर्मन, फ्रेंच यांच्याकडे बारमाही माणसं असतात, त्यांना तारखेचं अडत नाही. मराठीसाठी झटणारे असतात एक किंवा दोन, तेही नोकरी किंवा कॉलेज सांभाळून. तारीख आधी कळली नाही तर त्यांची वाक्यं एक आठवडा उशिरा पोहोचतात आणि मग एक-दोन वर्षं, नेटहॅकसारखा कारभार असेल तर बारा वर्षं, वाट बघत पडतात. अनियमित प्रकाशनाचा फटका मोठ्या भाषांना बसत नाही, तो अशा कोपऱ्यातल्यांनाच बसतो.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, इंदापूर तालुक्यातही संगणक शिकवणारी महाविद्यालयं आहेत. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावाच लागतो, आणि खेळ बनवण्याची हौस कमी नाही. गोडो हे खेळ रचण्याचं साधनही खुलं आणि फुकट आहे. अशा चमूने खुला खेळ करायचा ठरवला, तर कोड लिहायच्या आधी अर्धा तास दिनदर्शिका घेऊन बसावं. परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि मे-जूनमध्ये. त्या महिन्यांत प्रकाशन ठेवू नये. आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूर भागातून जाते, काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, घरोघरी पाहुणे असतात. तो आठवडा तिथीने सरकतो, तेव्हा दरवर्षी बघूनच फ्रीझची तारीख धरावी. गणपतीचेही दहा दिवस सोडावेत. उरतात त्यातून फेब्रुवारीचा दुसरा शनिवार आणि ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, किंवा असेच कुठलेही दोन दिवस, घ्यावेत आणि ते खेळाच्या पहिल्या पानावर लिहून टाकावेत.

आकडा वर्षाचा ठेवावा: २७.१, २७.२. तिसरा आकडा फक्त दुरुस्तीचा. २७.१.१ मध्ये नवी गाडी, नवा नकाशा, नवं गाणं काही येणार नाही, चुका तेवढ्या सुधारतील. हा नियम मोडण्याचा मोह सगळ्यात आधी चमूच्या सर्वात हुशार मुलाला होतो, म्हणून तो लिहून ठेवलेला बरा. जुना डाव उघडणार नसेल तर घोषणेची पहिली ओळ तीच असावी, नव्या चित्रांचं कौतुक तिच्या खाली. फ्रीझ तारखेच्या चार आठवडे आधी. त्यानंतर कोडमध्ये काही शिरवायचं असेल तर दोघांनी बघितल्याशिवाय नाही. क्रमांक चुकून लागला, फुटला, मागे घ्यावा लागला, तर तो सोडून पुढचा घ्यावा.

आणि पहिल्या प्रकाशनात दोनच नकाशे असतील, आवाज एकाच स्पीकरमधून येत असेल, मराठी वाक्यांत एखादी वेलांटी चुकलेली असेल, तरी ०.१ नको. तारखेला जे चालतंय ते २७.१ म्हणून द्यावं, न जमलेल्या गोष्टींची यादी सोबत जोडावी, आणि तिच्या शेजारी ऑक्टोबरची तारीख लिहावी.